स्टेटस नको, तिकीट काढा!

मित्रांनो, १८ ऑगस्ट २०२५ला अच्युत पोतदार ठाण्यात वारले. दुसऱ्या दिवशी सकाळी होस्टेलच्या ग्रुपवर ही बातमी पडली तेव्हा अर्ध्या पोरांची पहिली प्रतिक्रिया होती, "हे कोण बे?" मग खाली फोटो आला आणि सगळ्यांची ट्यूब एकदम पेटली. अबे, हे तर आपले सर! 'थ्री इडियट्स'मध्ये यंत्राची व्याख्या विचारणारे, रँचोच्या उत्तराने वैतागणारे, त्याला वर्गाबाहेर काढणारे प्रोफेसर!

तो सिनेमा २००९चा. तेव्हापासून इंजिनिअरिंगला आलेल्या प्रत्येक पोराने त्यांचा तो वैतागलेला चेहरा कुठे ना कुठे वापरलाय. व्हायवाला कोणी गोल गोल उत्तर दिलं की तो चेहरा. ग्रुपवर कोणी लांबलचक मेसेज टाकला की तो चेहरा. मास्तर काय बोलले ते कळलं नाही की पुन्हा तोच चेहरा. रोजच्या वापरातल्या त्या माणसाचं नाव मात्र पुष्कळांना त्याच्या मृत्यूच्या बातमीतूनच कळलं.

आणि माणूस केवढा होता बघा. जन्म जबलपूरचा, १९३४चा. आधी रीवाला प्राध्यापक, मग लष्करात, तिथून कॅप्टन म्हणून बाहेर, मग इंडियन ऑइलमध्ये पंचवीसेक वर्षं नोकरी. सिनेमात आले ते चाळिशी उलटल्यावर, नोकरी सांभाळून, आणि सव्वाशेच्या आसपास चित्रपट केले. हिरो कधीच झाले नाहीत. कधी कुणाचे वडील, कधी वकील, कधी मास्तर. दोन-तीन मिनिटांचं काम, पण चोख. आपल्यातले अर्धे लोक "नोकरी की आवड" या प्रश्नावर रात्र रात्र जागतात. या माणसाने दोन्ही केलं, आणि तेही गाजावाजा न करता. प्लेसमेंटच्या आधी होणाऱ्या मोटिव्हेशनल लेक्चरमध्ये हे उदाहरण यायला हवं होतं. नाही आलं. असो.

त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसवर पोतदार सर होते. मेसमध्ये आमचे एक सर राउंडला आले होते. त्यांनी दोन-चार फोन बघितले आणि शांतपणे विचारलं, "नांदेडला काय झालं ते माहीत आहे का रे कोणाला?" दोघांनी माना हलवल्या, बाकीचे ताटात बघू लागले. त्याच दोन दिवसांत मुखेड तालुक्यात धो धो पाऊस झाला होता, हसनाळसारख्या गावांत रात्री लोक झोपेत असताना पाणी शिरलं होतं. माणसं गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं गेली, घरातलं धान्य गेलं. सर म्हणाले, "नव्वद वर्षांचा, भरलं आयुष्य जगलेला नट गेला तर सगळ्यांचं स्टेटस. आणि इथे आपल्याच राज्यातली माणसं झोपेत वाहून गेली, त्यांच्यासाठी एक ओळ नाही. जरा विचार करा." एवढं बोलून ते गेले.

मी विचार केला. बरेच दिवस केला. हा लेख म्हणजे त्या विचाराचं सबमिशन समजा. थोडं उशिरा आहे, पण सर चालवून घेतील.

पहिली गोष्ट, सरांचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही. दुःख म्हणजे शंभर मार्कांचा पेपर नव्हे, की पोतदारांना वीस दिले तर मुखेडला ऐंशीच उरतील. उलट ज्या पोराला एका अनोळखी म्हाताऱ्या नटासाठी वाईट वाटतं, त्यालाच मुखेडसाठीही वाईट वाटण्याची शक्यता जास्त. ज्याला कशाचंच काही वाटत नाही, त्याची काळजी करा. आणि दुःख आकड्याने किंवा नकाशाने येत नाही, ते ओळखीने येतं.

याचं एक उदाहरण देतो. डिसेंबर २००४. माझा जन्म त्याच वर्षीचा, त्यामुळे मला काही आठवण्याचा प्रश्न नाही, हे सगळं आईकडून ऐकलेलं. त्या महिन्यात ११ तारखेला एम. एस. सुब्बुलक्ष्मी गेल्या. १६ तारखेला लक्ष्मीकांत बेर्डे गेला, जेमतेम पन्नाशीत, मूत्रपिंडाच्या आजाराने. २३ला माजी पंतप्रधान नरसिंह राव गेले. आणि २६ला त्सुनामी आली, कितीतरी देशांचे किनारे धुऊन गेली, दोन लाखांहून जास्त माणसं घेऊन गेली. आता यात आईला काय आठवतं? नरसिंह राव तर एका अर्थाने आपल्या शेजारचे. १९८४ आणि १९८९ला ते रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले होते. पण ते कधी गेले हे आईला सांगता येत नाही. त्सुनामी आठवते, कारण टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवत होते. आणि लक्ष्या गेल्याचा दिवस मात्र तिला पक्का आठवतो. आजी म्हणाली होती, "घरातलं पोरगं गेल्यावानी वाटून राह्यलं." आजीने त्याला कधी प्रत्यक्ष पाहिला नव्हता. पण पडद्यावरून का होईना, तो घरी येत होता. आजारपणात, भांडणानंतर, दिवाळीच्या दुपारी. जो घरी येतो त्याचं दुःख होणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्सुनामीचा अपमानही नाही.

आणखी गंमत म्हणजे, ज्या वर्षी लक्ष्या गेला त्या वर्षी जन्मलेली किंवा त्याच्याही नंतरची आम्ही पोरं आज होस्टेलवर 'अशी ही बनवाबनवी' तोंडपाठ म्हणतो. सिनेमा १९८८चा. विंटरच्या परीक्षेत एम-थ्रीच्या आदल्या रात्री दोन वाजता जेव्हा लॅपलास ट्रान्सफॉर्म डोक्यात शिरायला नकार देतो, तेव्हा रूममध्ये हाच सिनेमा लागतो. आम्ही पाळण्यात होतो तेव्हा गेलेला माणूस आम्हाला रात्री दोन वाजता हसवतो! हे उपकार लहान नाहीत. म्हणून कुणी "नटासाठी काय रडता" म्हटलं, तर मी तरी मान खाली घालणार नाही.

पण दुसरी गोष्ट अशी, की सरांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि ते अर्धं बोचरं आहे. स्टेटस टाकायला खर्च काय येतो? अंगठा एकदा फिरवायचा. चोवीस तासांनी ते आपोआप पुसलं जातं, आपण बसलो की पुढच्या बातमीची वाट बघत. फिजिक्समध्ये बल लावूनही वस्तू हलली नाही तर केलेलं कार्य शून्य. आपल्या श्रद्धांजलीचं तेच होतं. बल लागतं, भावना खरी असते, पण काही हलत नाही. माझ्या मते खरा प्रश्न "दुःख कुणासाठी" हा नाहीच. "दुःख झाल्यावर पुढे काय" हा आहे.

याचं उत्तर मला बंगळुरूच्या दोन मृत्यूंत सापडलं, एक बापाचा आणि एक मुलाचा. १२ एप्रिल २००६ला कन्नडचे सगळ्यात मोठे नट डॉ. राजकुमार गेले. चाहत्यांचा शोक एवढा अनावर झाला की शहर पेटलं. गाड्या जाळल्या, दगडफेक झाली, पोलिसांनी गोळीबार केला आणि या गोंधळात आठ जणांचा जीव गेला, त्यात एक पोलिसही होता. ज्याच्यावर प्रेम करायचं त्याच्या अंत्ययात्रेतच माणसं मेली! पंधरा वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०२१ला, त्यांचा धाकटा मुलगा पुनीत राजकुमार हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय फक्त ४६. लोकांचा आकांत तेवढाच होता, लाखोंनी लोक दर्शनाला आले. पण या वेळी वेगळं घडलं. वडिलांप्रमाणेच पुनीतचेही डोळे दान करण्यात आले. डॉक्टरांनी प्रत्येक कॉर्नियाचा पुढचा आणि मागचा थर वेगळा करून दोन डोळ्यांतून चार जणांना दृष्टी दिली. (मेकॅनिकलवाल्यांनो, याला म्हणतात मटेरियलचा योग्य वापर!) आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे फॉर्म भरायला लोकांची रीघ लागली. शहर तेच, घराणं तेच, प्रेमही तेच. एका वेळी त्या प्रेमाने बस जाळली, दुसऱ्या वेळी माणसांना डोळे दिले. दुःख ही ऊर्जा आहे मित्रांनो, तिला लोड कुठला जोडता त्यावर सगळं आहे.

कुणी म्हणेल, ते कन्नड लोकांचं झालं, आपल्या मराठीत काय? तर ऐका. १३ जुलै २००९ला पुण्यात निळू फुले गेले. त्याच्या अठरा दिवस आधी, २५ जूनला, मायकल जॅक्सन गेला होता. जॅक्सनच्या बातमीसाठी जगभरातून एवढे लोक एकाच वेळी सर्च करू लागले की गुगलच्या यंत्रणेला तो हल्ला वाटला! निळूभाऊंच्या वाट्याला असलं काही आलं नाही. पडद्यावर हा माणूस इतका सराईत खलनायक, की गावोगावच्या बाया त्याच्या नावाने बोटं मोडायच्या. आणि पडद्याबाहेर? राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता. तरुणपणी पुण्याच्या ए.एफ.एम.सी.मध्ये, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, बागेत माळीकाम केलेला. १९७२ला तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधला पहिला सखाराम, 'सामना'तला हिंदुराव, 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू.

हे निळूभाऊ, डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी मिळून एक भन्नाट काम केलं. खेड्यापाड्यांत पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काहीतरी मानधन मिळावं म्हणून 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभा करायचा ठरलं. पैसा कुठून आणायचा? तर अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' हे नाटक मोठमोठ्या नटांना घेऊन बसवलं, गावोगाव प्रयोग लावले आणि त्याच्या उत्पन्नातून निधी जमवला. म्हणजे विचार करा, एखाद्या गावात कुणी बाई खदाखदा हसून घरी गेली, आणि तिच्या तिकिटाच्या पैशातून कुठल्या तरी दुसऱ्या तालुक्यात मजुरांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटली! सरांनी मेसमध्ये ज्या दोन गोष्टी वेगळ्या पाडल्या, एकीकडे नट आणि दुसरीकडे मुखेड, त्या दोन गोष्टी या मंडळींनी एका तिकिटाने जोडल्या होत्या. पुढे निळूभाऊ गेले, २० ऑगस्ट २०१३ला दाभोलकरांचा खून झाला, १७ डिसेंबर २०१९ला लागूही गेले. तिघांच्याही मृत्यूनंतर आपण हळहळलो. पण त्यांनी दाखवलेला रस्ता सोपा होता. तिकीट काढा.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. आपण गेलेल्या कलावंतांची नावं मोठ्या प्रेमाने सभागृहांना देतो. सिव्हिल लाइन्सला डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. मूर्तिजापूरला जन्मलेला, नागपुरात वाढलेला हा गवई कितीतरी वर्षं पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी करत होता. १९६७ला नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं 'कट्यार काळजात घुसली' आलं आणि त्यातल्या खाँसाहेबांनी त्यांना घरोघरी पोचवलं. रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे. भट गेले २००३ला, सभागृह उभं राहिलं २०१७ला. नावं दिली, चांगलंच केलं. पण दारावर गेलेल्यांची नावं आणि आत जिवंत माणसांचा प्रयोग चालू असताना मागच्या दहा रांगा रिकाम्या, असं असेल तर त्या नावांना तरी काय वाटत असेल?

लक्ष्याच्याच बाबतीत हे झालं. १९९२ला जब्बार पटेलांनी त्याला घेऊन 'एक होता विदूषक' केला, पटकथा-संवाद चक्क पु. लं.चे. तमाशातला सोंगाड्या राजकारणात जातो, अशी गोष्ट. लक्ष्याने जीव ओतून गंभीर काम केलं. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण थिएटरात लोक आले नाहीत. त्यांना नेहमीचा लक्ष्या हवा होता. आज त्याच्यावरचा कुठलाही लेख काढा, त्यात या सिनेमाची तारीफ असते. ती तारीफ त्याला १९९२ला तिकीट खिडकीवर हवी होती.

आणि आपल्या अगदी हाताशी असलेली गोष्ट सांगतो. झाडीपट्टी! चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा. दिवाळी झाली, धान निघालं, की गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक. रात्री दहा-साडेदहाला पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत. मांडवात खाली बसून हजारो लोक तिकीट काढून नाटक बघतात, थंडीत, घोंगड्या पांघरून. वडसा म्हणजे देसाईगंज हे या सगळ्याचं केंद्र, नाटक कंपन्यांचा गावच म्हणा. २०१४ला शंकरपटावर बंदी आली, २०२३ला सुप्रीम कोर्टाने परवानगी कायम केली, पण त्या बंदीमुळे नाटकं थांबली नाहीत. याच झाडीपट्टीचे विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ला पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या घरात भूमिका! मुंबईतला एखादा नट हा आकडा ऐकून चक्कर येऊन पडेल.

आमच्या विंगमध्ये आरमोरीकडचा एक मित्र आहे. त्याचा मामा झाडीपट्टीत काम करतो, बहुतेक कॉमेडी. पावसाळ्यात धानाची शेती, हिवाळ्यात रोज रात्री तोंडाला रंग. पोतदारांच्या स्टेटसवरून रूममध्ये चर्चा चालली होती तेव्हा तो बराच वेळ ऐकत बसला होता. मग एकदम म्हणाला, "माझा मामा उद्या गेला तं कोनाच्या स्टेटसले येईन बे?" कोणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. त्याच्या मामाने आयुष्यभरात जितकी माणसं हसवली, तितके फॉलोअर आपल्या पूर्ण ब्रँचला मिळून नसतील. पण ज्याचा फोटो फिरत नाही तो गेल्याचं आपल्याला कळतच नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कलावंत गेल्यावर वाईट वाटतं, वाटू द्या, त्यात काही चूक नाही. पण त्या वाटण्याचं बिल जिवंत कलावंताच्या नावाने फाडा. "परवडत नाही" हे उत्तर निदान मला देऊ नका. बर्थडेच्या सावजी पार्टीत माणशी किती पडतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यात तर्रीवरून भांडण होतं ते वेगळंच. "मराठी नाटक म्हणजे म्हाताऱ्यांचं काम" हेही सांगू नका. आधी एक बघा, मग सांगा. आणि "फोनवर फुकट मिळतं" असं म्हणणाऱ्याने हा हिशोब करावा, की आपण चार वर्षं घासून डिग्री घेतो ती उद्या फुकट काम करायला का?

तर काही साध्या सूचना. एक, दर सेमिस्टरला होस्टेलच्या प्रत्येक विंगने मिळून शहरातलं निदान एक नाटक तिकीट काढून बघावं. दोन, गॅदरिंगला डीजेवर जेवढा पैसा उडतो त्यातला थोडा तरी आपल्याच पोरांच्या एकांकिकेच्या नेपथ्याला द्यावा. दरवर्षी बिचारे होस्टेलच्या चादरींचा पडदा करतात! तीन, येत्या हिवाळ्यात एक ट्रिप वडशाकडे काढावी. गोंदिया–बल्लारशा रेल्वे लाइनवर वडसा स्टेशन आहे, आणि नागपूरहून रस्त्यानेही जाता येतं. स्टाफपैकी कोणी सोबत यायला तयार असतील तर परवानगीचा प्रश्नही सुटेल. आणि चौथी सूचना त्या मेसमधल्या सरांसाठी. सर, ज्या महिन्यात मुखेडसारखं काही होईल, त्या महिन्यात आपल्या एकांकिकेचा एक प्रयोग कॉलेजच्या हॉलमध्ये तिकीट लावून करू, आणि सगळी रक्कम तिकडे पाठवू. पहिलं तिकीट तुम्ही काढायचं.

आरमोरीवाल्या मित्राने मामाला फोन करून सीझनच्या तारखा विचारून ठेवल्यात. नावं त्याच्याकडे द्या, रूम नंबर नोटीस बोर्डवर लावलाय. घोंगडी ज्याची त्याने आणावी.